रिसेट करू नका, आधी सर्व्हरवरची दोन सर्टिफिकेटं बघा

तुम्ही लिहिलंय की दोन आठवड्यांपासून नवीन लॅपटॉपना सर्टिफिकेट (पासवर्डऐवजी वायफायला ओळख पटवणारं डिजिटल ओळखपत्र) येतच नाहीये, जुने सगळे ऑफिसच्या वायफायवर नीट चालू आहेत, इंट्यूनमध्ये (डिव्हाइस दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) एससीईपी प्रोफाइल (डिव्हाइसने सर्टिफिकेट मागून घ्यायची सेटिंग) कुठे पेंडिंग तर कुठे एरर दाखवतंय, आणि व्हेंडर म्हणतोय सगळी डिव्हाइस काढून परत एनरोल करा, म्हणजे इंट्यूनमध्ये नव्याने नोंदवा. वाचून पोटात गोळा आला, कारण 2023 च्या जूनमध्ये आम्ही अगदी इथेच उभे होतो आणि मी व्हेंडरचं ऐकलं होतं. तुम्ही ऐकू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी एकाही डिव्हाइसला हात लावू नका.

रूट (म्हणजे मूळ) सर्टिफिकेटचं प्रोफाइल, टेम्प्लेट (सर्टिफिकेटचा साचा), कनेक्टर (इंट्यून आणि आपला सर्व्हर जोडणारा प्रोग्राम) यात मी जात नाही. जुनी डिव्हाइस चालतायत म्हणजे ते सगळं एकेकाळी बरोबर बसलेलं आहे. तुमचा त्रास बहुतेक एनडीईएस सर्व्हरच्या, म्हणजे डिव्हाइसची मागणी सीएकडे (सर्टिफिकेट बनवून देणारा सर्व्हर) पोचवणाऱ्या सर्व्हरच्या, स्वतःच्या सर्टिफिकेटांचा आहे. हा रोल इन्स्टॉल करताना तो स्वतःसाठी दोन सर्टिफिकेटं घेऊन ठेवतो, एक 'एक्स्चेंज एनरोलमेंट एजंट (ऑफलाइन रिक्वेस्ट)' या टेम्प्लेटवरचं आणि दुसरं 'सीईपी एन्क्रिप्शन'चं. दोन्हींची मुदत 2 वर्षं, आणि ती आपोआप रिन्यू होत नाहीत. सगळ्या कंपनीला आपोआप सर्टिफिकेट वाटणारी यंत्रणा आणि तिच्या स्वतःच्या दोन सर्टिफिकेटांकडे कोणाचंच लक्ष नाही, असं होऊन बसतं. तुमचा सर्व्हर साधारण 2 वर्षांपूर्वी उभा राहिला असेल तर मला जवळजवळ खात्रीच आहे.

आमचा कारखाना चाकणला, शॉप फ्लोअरवर माल स्कॅन करायला अँड्रॉइडचे हँडहेल्ड, ते सगळे सर्टिफिकेटवर वायफायला जोडलेले, पासवर्ड कुठेच नाही. सर्व्हर मार्च 2021 च्या अखेरीस उभा केला होता. म्हणजे 2023 च्या मार्चअखेर ती दोन सर्टिफिकेटं संपली आणि त्या दिवशी काहीच झालं नाही! हाच यातला सगळ्यात फसवा भाग आहे. आमच्या डिव्हाइसच्या सर्टिफिकेटची मुदत 1 वर्ष, आणि इंट्यून नेहमीच्या सेटिंगला 20 टक्के मुदत उरली की रिन्यू करायला जातं, म्हणजे शेवटचे 73 दिवस. एप्रिलपासून ज्या ज्या स्कॅनरची रिन्यू करायची वेळ आली तो सर्व्हरकडे जाऊन रिकाम्या हाताने परत येत होता, पण हातातलं जुनं सर्टिफिकेट अजून चालू होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या काळात नवीन डिव्हाइसही घेतली नव्हती, नाहीतर तुमच्यासारखं आधीच कळलं असतं. मार्चअखेरमध्ये 73 दिवस मिळवा, जूनचा दुसरा आठवडा येतो. पालखी पुण्यात मुक्कामाला होती, रस्ते बंद, अर्धी माणसं पोचलेली नाहीत आणि तेव्हाच स्कॅनर गळायला लागले. आज दोन, उद्या पाच, असे.

आता चूक. ज्यांनी सेटअप करून दिला होता त्यांना फोन केला तर त्यांच्या सपोर्टवाल्याने लॉग न बघताच सांगितलं की डिव्हाइसचं एनरोलमेंट करप्ट झालंय, फॅक्टरी रिसेट करून परत क्यूआर स्कॅन करा. आम्ही बंद पडलेले तर रिसेट केलेच, पण 'पुढे त्रास नको' म्हणून त्याच लाइनवरचे चालू असलेले स्कॅनरसुद्धा केले. एकूण 40. त्यातल्या निम्म्याहून जास्त स्कॅनरमध्ये अजून कित्येक आठवडे चाललं असतं असं सर्टिफिकेट होतं, ते आम्ही आमच्या हाताने पुसलं. गेस्ट वायफायवरून एनरोल झाले, ॲप आले, सर्टिफिकेट मात्र एकालाही नाही, कारण देणाराच बंद. त्या दिवसापासून लाइनवरच्या मुली वहीत हाताने नंबर उतरवत होत्या आणि रात्रपाळीत बसून कोणीतरी ते सिस्टिममध्ये भरत होतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

खरं कारण मला तिसऱ्या दिवशी सापडलं, पण दुरुस्तीला पुढे 9 दिवस लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. सीए सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या सिक्युरिटी टीमकडे. त्यांनी सुरुवातीच्या इन्स्टॉलनंतर ती दोन टेम्प्लेट सीएवरून काढून टाकली होती. ते योग्यच आहे, उघडी ठेवू नयेत, मी स्वतःही काढूनच ठेवते. पण रिन्यू करायचं तर तेवढ्यापुरती परत पब्लिश करावी लागतात, आणि तिकिटाला उत्तर काय, तर 'सर्टिफिकेट तपासले, वैध आहे, तिकीट बंद करत आहोत'. त्यांनी रूट सीएचं बघितलं होतं! तीनदा तिकीट उघडलं, तीनदा बंद झालं. चौथ्यांदा मी दोन्ही सर्टिफिकेटांचे स्क्रीनशॉट, तारखा लाल चौकोनात, आणि प्लांट हेडना सीसीत ठेवून पाठवलं तेव्हा एका माणसाने फोन उचलला आणि काम 20 मिनिटांत झालं.

तर तुम्ही काय बघायचं. एनडीईएस सर्व्हरवर जाऊन लोकल कॉम्प्युटरचं पर्सनल स्टोअर (सर्टिफिकेटं ठेवायची जागा) उघडा आणि त्या दोन टेम्प्लेटवरच्या सर्टिफिकेटांची संपायची तारीख बघा, बास. शिवाय ब्राउझरमध्ये एमएससीईपी डॉट डीएलएलचा (एनडीईएसच्या वेब पेजचा) पत्ता टाका. इंट्यूनचा कनेक्टर बसवलेला असेल तर तिथे 403 (प्रवेश नाही) यायला हवं, 403 दिसलं तर घाबरू नका, ती चांगली बातमी आहे. आम्हाला 500 (सर्व्हरच्या आतलीच चूक) येत होतं. इंट्यूनच्या कन्सोलमध्ये कनेक्टर हिरवा आहे यावर विसंबू नका, आमचाही शेवटपर्यंत ॲक्टिव्हच दिसत होता, कारण कनेक्टर जिवंत होता, मेला होता तो त्याच्या मागचा एनडीईएस.

तारीख उलटलेली असेल तर नवीन दोन काढायची. एनरोलमेंट एजंटवालं टेम्प्लेट मूळ युजरसाठीचं आहे, त्यामुळे मशीनच्या स्टोअरमधून सरळ मागता येत नाही, आयएनएफ फाइलमध्ये (रिक्वेस्टची सेटिंग लिहिलेली टेक्स्ट फाइल) मशीन की सेट चालू करून रिक्वेस्ट बनवावी लागते. आणि यात लोक हमखास विसरतात ते म्हणजे नवीन सर्टिफिकेटांच्या प्रायव्हेट कीवर (गुप्त किल्लीवर) एनडीईएसच्या सर्व्हिस अकाउंटला रीड परवानगी. ती नाही दिली तर सगळं बरोबर करूनही 500 च येतं आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसतो. मग आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) रिस्टार्ट. ज्यांचं जुनं सर्टिफिकेट अजून चालू आहे ती डिव्हाइस पुढच्या सिंकला आपोआप रिन्यू होतात, काही करावं लागत नाही. म्हणूनच म्हणते रिसेट नको. जी आधीच वायफायवरून पडली त्यांना आत यायला दुसरी वाट लागते, लॅपटॉपला केबल लावता येते, आमच्या स्कॅनरना ना सिम ना केबल, म्हणून फक्त इंट्यून आणि एनडीईएसपर्यंतच पोचणारं वेगळं वायफाय नाव तात्पुरतं चालू केलं. आता ते कायम तयार ठेवलंय, एरवी बंद.

हे सगळं आमच्या एका सेटअपवरून सांगतेय, मी काही मायक्रोसॉफ्टची माणूस नाही, तुमच्याकडे पीकेसीएस कनेक्टर (एनडीईएसशिवाय सर्टिफिकेट देणारी दुसरी पद्धत) असेल किंवा क्लाउडवरचं सीए असेल तर यातलं बरंच लागू होणार नाही. कोणी तुम्हाला 'स्ट्राँग मॅपिंग'चं कारण देईल, म्हणजे सर्टिफिकेट नेमक्या त्याच अकाउंटचं आहे ना ही तपासणी, 11 फेब्रुवारी 2025 पासून डोमेन कंट्रोलरने (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कडक केलेली ती. ते खरं आहे आणि एनपीएस (वायफायचं लॉगिन तपासणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) वापरत असाल तर प्रोफाइलमध्ये एसआयडीचा (अकाउंटच्या ओळख क्रमांकाचा) टॅग घालायलाच हवा, पण त्यात सर्टिफिकेट मिळतं आणि लॉगिन अडतं. तुम्हाला सर्टिफिकेटच मिळत नाहीये, तो आजार वेगळा. दुसरं एक बघून घ्या, रूटचं, एससीईपीचं आणि वायफायचं अशी तिन्ही प्रोफाइल एकाच ग्रुपला लावलीयेत ना, एक युजर ग्रुपला आणि दुसरं डिव्हाइस ग्रुपला असेल तर जन्मभर पेंडिंग राहील.

माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: या दोन तारखा कोणा एकाच्या आउटलुक कॅलेंडरमध्ये ठेवू नका. आमच्याकडे ती नोंद होती, ज्याच्या कॅलेंडरमध्ये होती तो नोकरी सोडून गेला. आता सर्व्हरवर रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट चालते, स्टोअरमधलं कुठलंही सर्टिफिकेट 60 दिवसांच्या आत संपत असेल तर टीमच्या कॉमन मेलबॉक्सवर मेल येतो, ऑफलाइन रूटच्या (नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या मूळ सीएच्या) सीआरएलची, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांच्या यादीची, तारीखही त्यातच बघतो, कारण ती उलटली की सीएची सर्व्हिस रिस्टार्टनंतर उठत नाही.

आत्ता आधी त्या दोन तारखा बघा आणि 403 येतंय की 500 ते इथे लिहा. सीए दुसऱ्या टीमकडे असेल तर टेम्प्लेट पब्लिश करायचं तिकीट आजच टाका, तारखांचे स्क्रीनशॉट पहिल्याच मेलमध्ये जोडून.