रिपोर्ट निगेटिव्ह, तरी जीव थाऱ्यावर नाही

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातून गुप्तरोगाच्या धास्तीची पत्रं सतत येतात. त्यातली चार इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न (उद्यमबाग, वय २७): फौंड्रीत कामाला आहे. चार महिन्यांपूर्वी गोव्यात एकदा कंडोमशिवाय संबंध आला. सहा आठवड्यांनी आणि पुन्हा साडेतीन महिन्यांनी एचआयव्ही तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. पण लघवीची जळजळ थांबत नाही. लघवीनंतर दर वेळी मोबाइलच्या उजेडात दाबून बघतो. रिपोर्ट खोटा असेल का?

उत्तर: रिपोर्ट खरा आहे. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची तपासणी ४५ दिवसांनंतर निर्णायक मानतात. बोटाला टोचून होणाऱ्या झटपट तपासणीला ९० दिवस धरतात. तुम्ही दोन्ही मुदती ओलांडल्या आहेत. त्या संबंधापुरता एचआयव्हीचा विषय संपला.

जळजळही खरी आहे. एचआयव्हीच्या तपासणीत एचआयव्हीच कळतो, दुसरं काही नाही. लघवीची जळजळ परमा (गोनोरिया) किंवा क्लॅमिडिया या संबंधातून येणाऱ्या रोगांनी होऊ शकते, आणि त्यासाठी लघवीच्या पहिल्या धारेची नॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी लागते. गरमीसाठी (सिफिलिस) रक्ताची व्हीडीआरएल तपासणी, तीही तीन महिने उलटल्यावर. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेख नाही. त्या करून घ्या. त्यातही काही निघालं नाही तर लघवीचं कल्चर, साखर आणि खड्यासाठी सोनोग्राफी. भट्टीपाशी दिवसभर घाम गाळून पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळते, खडाही धरतो. धास्तीने ओटीपोटाखालचे स्नायू आवळून राहतात, त्यानेही असंच होतं.

ते दाबून बघणं मात्र आजपासून बंद. रोज दाबलं की नळी आतून हुळहुळी होते, थेंबभर पाणी येतं, आणि तेच पाहून तुम्ही पुन्हा घाबरता.

प्रश्न (निपाणी परिसर, वय ३४): बिड्या वळते. मालक ट्रकवर असतात. अंगावरून पांढरं जातं, खाज येते. दोघांची एचआयव्ही आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह आली, तरी मनात नको ते येतं.

उत्तर: ताई, एवढ्यावरून मालकांवर संशय घेऊ नका. दह्यासारखं घट्ट आणि खाजरं असेल तर बहुधा बुरशी. पातळ, करडं, मासळीसारख्या वासाचं असेल तर आतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला. ही दोन्ही बाहेरच्या संबंधाशिवायही होतात. ट्रायकोमोनास हा जंतू मात्र बहुतेक संबंधातूनच येतो. तो निघाला तर दोघांनी एकाच वेळी गोळ्या घ्यायच्या. यातलं काहीच रक्तात दिसत नाही, आतून तपासून स्राव बघावा लागतो. लाज वाटत असेल तर बाईडॉक्टर मागा, तो तुमचा हक्क आहे. साखर तपासा आणि तिशी ओलांडली आहे तर गर्भपिशवीच्या तोंडाचीही तपासणी उरकून घ्या. साबणाने आतून धुऊ नका.

प्रश्न (खानापूर तालुका, वय १९): लिंगाच्या टोकाच्या कडेला बारीक दाणे आहेत, एका ओळीत. संबंध कधीच आलेला नाही. मेडिकलमधून ट्यूब आणून लावतोय.

उत्तर: वर्णनावरून हे शरीराच्या नैसर्गिक ठेवणीतले दाणे वाटतात. अनेक मुलग्यांना असतात, औषध लागत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. ट्यूब थांबवा. अशा ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, नाजूक कातडी त्याने पातळ पडते. जाताना ट्यूबचं खोकं सोबत न्या.

प्रश्न (चिकोडी, वय ४१): दोन वर्षांपूर्वी एकदा चूक झाली. बेळगाव, कोल्हापूर, मिरज मिळून अकरा वेळा तपासलं, सगळं निगेटिव्ह. रिपोर्ट आला की दोन दिवस बरं, मग वाटतं नमुना बदलला असेल. मुलाला जवळ घेत नाही.

उत्तर: मुलाला आज जवळ घ्या. एचआयव्ही असता तरी तो मिठीतून, पाप्यातून, एका ताटात जेवण्यातून पसरत नाही. आणि तुम्हाला तो नाही. तीन शहरांत अकरा वेळा नमुने बदलत नाहीत.

बारावी तपासणी करू नका. प्रत्येक रिपोर्ट शंकेला खाऊ घालतो, म्हणून ती दोन दिवसांनी पुन्हा दारात येते. हा मंत्रचळाचा (ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा) प्रकार दिसतो. तो खरा आजार आहे आणि त्याला चांगला उपचार आहे: गोळ्या, आणि तपासायची ओढ आली तरी न तपासता राहण्याचा सराव. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालयही हाताशी आहे. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. अकरा रिपोर्टांची फाइल पहिल्याच भेटीत त्या डॉक्टरांकडे देऊन टाका.