दवाखान्यात १६०, घरी १३०, खरं बीपी कोणतं?

प्रश्न: बाबा ६२ वर्षांचे. दवाखान्यात बीपी १६०/९५ येतं आणि घरच्या मशीनवर १३०/८०, मग ते म्हणतात मला काही झालंच नाही, गोळी कशाला. काय करावं?

उत्तर: अहो, हे रोजचंच आहे. डॉक्टर दिसले की बीपी चढतं, त्याला व्हाइट कोट इफेक्ट म्हणतात. पण घरचं मशीन बरोबर आहे का हे आधी बघा, एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून घ्या, आणि पट्टा दंडाचा हवा, मनगटावरचा नको. मग ७ दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, ५ मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला (आणि टीव्हीवर बातम्या बंद!). पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी आहे असं धरतात, दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ची.

आता मेन मुद्दा, बाबा गोळी आधीपासून घेतायत का हे तुम्ही लिहिलंच नाही. घेत असतील तर १३० हे गोळीमुळेच असू शकतं, स्वतःहून बंद करू नका. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात म्हणून बरेच जण गुपचूप सोडतात, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. आणि जेवताना वरून मीठ, पापड, लोणचं कमी करा, सैंधव मीठ चालतं हा गैरसमज आहे, तेही मीठच.