मोठी नियमपुस्तकं असताना जुन्या पद्धतीच्या फँटसी रोलप्लेइंग खेळांची छोटी झाइन्स अजून का निघतात? आणि स्वतःचं काढायचं तर त्यात काय भरावं?

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. चारशे पानी, रंगीत, जाड पुठ्ठ्याची नियमपुस्तकं मिळत असताना लोक बत्तीस पानी काळीपांढरी झाइन्स, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका, का काढतात आणि का विकत घेतात, हा पहिला. तुमच्या टेबलावर वर्षभर चाललेल्या मोहिमेतून एखादं झाइन काढायचं झालं तर त्यात काय घालावं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. दुसऱ्याला जरा जास्त जागा लागेल, कारण माझा जीव त्यात जास्त अडकलेला आहे.

हा खेळ, ज्यात खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि एक रेफरी बाकीचं जग चालवतो, हौशी पत्रकांतूनच वर आला. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७० साली कॅसल अँड क्रुसेड सोसायटीच्या 'डोम्सडे बुक' या पत्रकात छापून आले आणि पुढच्या वर्षी त्यांचं 'चेनमेल' झालं. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं ते एका खोक्यात बसणाऱ्या तीन छोट्या, मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकांच्या रूपात. पहिली छपाई एक हजार प्रतींची. चित्रं हौशी, मांडणी विस्कळीत, नियमांत भगदाडं. आज कुणी त्या पुस्तिका पहिल्यांदा हातात घेतल्या तर त्यांना झाइनच म्हणेल.

ती भगदाडं खेळणाऱ्यांनी आपापल्या परीने बुजवली आणि एकमेकांना कळवली. चोराचा वर्ग (वर्ग म्हणजे खेळाडूने निवडायचा पात्राचा प्रकार), म्हणजे थीफ, त्या तीन पुस्तिकांत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या एका गटाने तो आपल्या टेबलासाठी बनवला, खेळाच्या सहनिर्मात्या गायगॅक्सच्या कानावर घातला, आणि त्याने आपली आवृत्ती १९७४ मध्येच 'ग्रेट प्लेन्स गेम प्लेअर्स न्यूजलेटर' या हौशी पत्रकात दिली. अधिकृत पुस्तकात तो आला १९७५ च्या 'ग्रेहॉक'मध्ये. ज्या वर्गाशिवाय आज या खेळाची कल्पना करता येत नाही, तो आधी पत्रकात छापला गेला.

जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे हौशी पत्रक सुरू केलं. प्रत्येक लेखक आपापली पानं तयार करून पाठवायचा, ली गोल्ड ती सगळी एकत्र करून अंक बांधायच्या आणि पोस्टाने धाडायच्या. सुरुवातीची छपाई सायक्लोस्टाईलवर. प्रत्येकाच्या पानांत गेल्या अंकातल्या बाकीच्यांना उत्तरं असत: तुमचा जादूगार फार बलवान होतोय, आमच्याकडे मृत्यूचा नियम असा आहे, मागच्या महिन्यात आमची माणसं चौथ्या मजल्यावर कशी मेली ते ऐका. हे २०२५ पर्यंत चाललं, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं. एका बाईंच्या चिकाटीवर उभं राहिलेलं इतकं दीर्घायुषी काम या छंदात दुसरं मला माहीत नाही, आणि त्यांचं नाव नव्या खेळाडूंना ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं.

तिसरं उदाहरण जेनेल जॅकवेज यांचं. १९७६ मध्ये कॉलेजात असताना त्यांनी मित्रांबरोबर 'द डंजनियर' हे झाइन काढलं आणि पहिल्याच अंकात एक पूर्ण, खेळता येईल असं थडगं छापलं. तयार भुयारं छापून विकता येतात हेच तेव्हा नवीन होतं. पुढे त्यांच्या भुयारांची रचना, अनेक वाटा, अनेक जिने, मागच्या दाराने परत येणारे बोगदे, ही आजच्या झाइनवाल्यांची बाराखडी झाली आहे.

ऐंशीच्या दशकात मासिकं गुळगुळीत कागदाची, व्यावसायिक झाली आणि 'अधिकृत काय' याचं वजन वाढलं. दारं पुन्हा उघडली ती २००० च्या ओपन गेम लायसन्समुळे, म्हणजे खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यामुळे. त्याचा आधार घेऊन २००६ मध्ये 'ओस्रिक', २००७ मध्ये 'लॅबिरिंथ लॉर्ड' आणि २००८ मध्ये 'सोर्ड्स अँड विझर्ड्री' असे जुन्या नियमांचे नवे अवतार आले. त्याच २००८ मध्ये 'फाइट ऑन!' हे झाइन सुरू झालं. त्यातलं 'द डार्कनेस बिनीथ' हे महाभुयार बघाच: एकेक मजला वेगवेगळ्या लेखकाचा, अंकागणिक खाली उतरत जाणारा. हे झाइनलाच जमतं. मोठ्या पुस्तकाला सगळं एका सुरात आणावं लागतं, इथे मजला बदलला की हातच बदलतो.

तरी लोक विकत का घेतात? झाइनमधला मजकूर कुणाच्या तरी टेबलावरून आलेला असतो म्हणून. मोठं पुस्तक सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यातली दलदल ही कुठलीही दलदल असते. 'वर्मस्किन' हे झाइन २०१५ च्या अखेरीस निघालं तेव्हा ते एकाच जंगलाबद्दल होतं, त्यातल्या बुरशा, त्यातले शेळीच्या डोक्याचे सरदार, त्यातल्या वाटा. इतकं खोल एका जागी कुणी खणत नाही. त्यातूनच पुढे 'डोल्मेनवुड' हा मोठा खेळ उभा राहिला. सध्याचं एकच वाचायचं असेल तर मी हंगेरीतल्या गाबोर लुक्स यांचं 'एकोज फ्रॉम फोमालहॉट' सुचवेन. २०१८ पासून निघतंय. साधी दोन स्तंभांची मांडणी, जुनी चित्रं, गच्च नकाशे, आणि पानापानावर जाणवतं की हे लोकांनी खेळलेलं आहे. दिसायला याहून देखणी झाइन्स पुष्कळ आहेत. कामाला येणारी कमी.

आता तुमच्या झाइनकडे. पहिला अंक एकाच जागेचा करा: एक भुयार, किंवा एक गाव आणि त्याभोवतीचे नकाशावरचे सहा-सात षटकोनी चौकटींचे तुकडे. जगाचा इतिहास, देवांची वंशावळ, नवे सहा वर्ग हे सगळं वहीत राहू दे. वाचणारा रेफरी शनिवारी संध्याकाळी खेळ चालवणार आहे, त्याला शुक्रवारी रात्री वाचून जमलं पाहिजे.

खोल्यांची वर्णनं कशी लिहावीत यावर सगळं ठरतं. 'या दालनात तीन शतकांपूर्वी राजा अमुक आपल्या पुरोहितांसह बसत असे' हे खेळाडूंना कधीच कळणार नाही, मग ते छापून काय उपयोग? त्याऐवजी असं काही:

'खोली ११. घोट्यापर्यंत पाणी, पश्चिमेकडे संथ ओढ. उत्तरेच्या भिंतीत सात कोनाडे. सहांत मातीचे मुखवटे, सातवा रिकामा आणि कोरडा. रिकाम्या कोनाड्यात चेहरा टेकवणाऱ्याला खोली १४ मधलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. सहा बाजूंच्या फाशावर १ आला तर तिकडच्यांनाही त्याचा श्वास ऐकू येतो. मुखवटे प्रत्येकी ५० नाण्यांचे, पण नाजूक.'

इथे इतिहास एका ओळीचाही नाही, तरी कुणीतरी कधीतरी इथे उभं राहून चोरून ऐकत होतं हे खेळाडूंना आपोआप समजतं. पाणी कुठे वाहतंय हे विचारावंसं वाटतं. हात घालायला काहीतरी आहे, त्याची किंमत आहे, त्यात धोका आहे. प्रत्येक खोलीत हे तिन्ही नकोत. एक तृतीयांश खोल्या रिकाम्या ठेवायला घाबरू नका, रिकाम्या खोल्यांमुळेच माणसं सावध चालतात.

भटक्या भेटींच्या तक्त्यालाही, म्हणजे वाटेत अचानक कोण भेटतं हे फाशावर ठरवणाऱ्या यादीलाही, हेच लागू. 'चार ठग' एवढंच लिहिलं तर ते मीही फासा न टाकता सांगितलं असतं. 'चार ठग एका मेलेल्या घोड्यावरून भांडताहेत. खोगिरात शिवलेलं पत्र अजून कुणाला सापडलेलं नाही' असं लिहिलं की रेफरीच्या हातात अर्ध्या तासाचा खेळ येतो. बारा नोंदी अशा लिहा, शंभर नकोत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या बेसिक नियमांत दर दोन टर्नला, म्हणजे खेळातल्या वीस मिनिटांनी, अशी भेट होण्याची सहात एक शक्यता असते. एका बैठकीत तुमच्या तक्त्यातल्या दोन-चार नोंदीच बाहेर येतील, त्या दमदार असल्या पाहिजेत.

एक गोष्ट जवळजवळ सगळी नवी झाइन्स चुकवतात: खजिन्याचा हिशेब. या खेळांत बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक अनुभवगुण मिळतो आणि प्रगती मुख्यतः त्यावरच होते. बेसिक नियमांत योद्ध्याला दुसरी पातळी गाठायला २,००० गुण लागतात. चार जणांची टोळी धरली तर साधारण ८,००० झाले. आता तुमच्या भुयारातल्या सगळ्या नाण्यांची, रत्नांची, मुखवट्यांची बेरीज करा. ती १,२०० आली तर लोक तीन बैठका जीव धोक्यात घालून जिथे होते तिथेच राहतील, आणि भुयार नीरस आहे असं म्हणतील. मोठा वाटा अवघड जागी लपवा, पण तो तिथे असू द्या. जड आणि अडचणीच्या वस्तू घाला: गालिचा, संगमरवरी पुतळा, जिवंत मोर. ते वर कसे न्यायचे यावर खेळाडू जितका वेळ वाद घालतात तितका राक्षसावरही घालत नाहीत.

नियमांच्या बाबतीत कुठल्यातरी एकाच खेळाला चिकटून बसायची गरज नाही. प्राण्यांचे हिट डाइस (त्यांचा दम ठरवणारे फासे), हल्ले, धैर्य म्हणजे मोराल, आणि चिलखताचा आकडा उतरत्या आणि चढत्या अशा दोन्ही पद्धतींनी द्या: ५ [१४] असं. उतरता आकडा १९ मधून वजा केला की चढता मिळतो. एवढ्यावर या घराण्यातला कुठलाही खेळ चालतो.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकी कायद्यात खेळाच्या यंत्रणेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली आहे त्यांवर असतो. म्हणून सगळं स्वतःच्या शब्दांत लिहा. मुखपृष्ठावर 'अमुक खेळाशी सुसंगत' असं छापायचं असेल तर त्या खेळाचा तिसऱ्या पक्षांसाठीचा परवाना आधी वाचा. जानेवारी २०२३ मध्ये ओपन गेम लायसन्स बदलण्याचा प्रयत्न झाला, तीव्र विरोधामुळे तो मागे घेतला गेला, आणि तेव्हापासून अनेकांनी त्या परवान्यावर अवलंबून राहणं सोडलं. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, गिथयांकी ही राक्षसांची नावं टाळा, त्या लायसन्सखाली ती राखीव होती. गिथयांकीचं मला विशेष वाटतं: चार्ल्स स्ट्रॉस यांनी किशोरवयात रचलेला हा राक्षस 'व्हाइट ड्वार्फ' मासिकातल्या वाचकांच्या राक्षस-सदरात १९७९ मध्ये आला आणि १९८१ च्या 'फिएंड फोलिओ' या राक्षसांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला. तुमचा राक्षस तुम्ही स्वतःच रचा.

छपाईसाठी ए४ कागद मधोमध दुमडून ए५ करा. पानांची संख्या चारच्या पटीत येते. २४ किंवा ३२ ठेवा. फक्त अगदी मधली जोडपानं एका सलग कागदावर असतात, म्हणून मोठा नकाशा तिथेच टाका, नाहीतर बरोबर घडीवर बोगदा तुटतो. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला भटक्या भेटींचा तक्ता द्या, खेळताना पानं चाळावी लागत नाहीत. पानं वाढली की आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना कडा जाते, त्यामुळे बाहेरचा समास सैल ठेवा. राखाडी छटा टाळून नकाशा निव्वळ काळ्या रेषांत काढा आणि त्याची झेरॉक्स काढून बघा. आकडे वाचता आले तर छपाईतही येतील. चित्रांसाठी ड्यूररचे लाकडी ठसे किंवा गुस्ताव्ह डोरेची कोरीवकामं मुक्त आहेत, पण चित्र काढणारा मित्र असेल तर त्यालाच विचारा. थोडं वाकडं पण त्याच खोलीचं चित्र कधीही सरस.

पैसे उभे करण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाचा 'झाइन क्वेस्ट' हा उपक्रम २०१९ पासून आहे आणि त्याने असंख्य झाइन्सना वाट दिली. तरी पहिला अंक आधी लिहून, दुसऱ्या एखाद्या रेफरीकडून चालवून, मगच तिकडे जावं असं माझं ठाम मत आहे. तो चालवत असताना तुम्ही गप्प बसून बघा. जिथे तो थांबून पान उलटं-सुलटं करतो, तिथे दुरुस्ती हवी.

शेवटच्या पानावर पत्ता किंवा ईमेल देऊन वाचकांना सरळ लिहा: तुमच्या टेबलावर काय झालं ते कळवा, कोण मेलं, कुठून पळालात, काय उचलून नेलं. आलेली पत्रं दुसऱ्या अंकात छापा, आणि सातव्या कोनाड्यात कुणी तुम्हाला न सुचलेलं काही ठेवलं असेल तर त्याच्या नावासकट तेही.