मधपेट्या आणि शेजाऱ्यांची हरकत

मधपेट्यांवरून शेजाऱ्यांशी होणाऱ्या वादांविषयी नाशिक परिसरातून वारंवार तेच प्रश्न येत आहेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन पेट्या ठेवायच्या आहेत. परवानगी लागेल का?

होय, गच्ची सर्वांची असते, त्यामुळे पेटी आणण्यापूर्वीच सोसायटीची लेखी संमती घ्या.

दिंडोरीत माझ्या बांधालगत द्राक्षबाग आहे. माश्या मणी फोडतात, पेट्या हलवा, असे बागायतदार म्हणतात.

ही ऐकीव समजूत आहे आणि ती दर हंगामात नव्याने पसरते. मधमाशीला द्राक्षाची साल फोडता येत नाही. पक्ष्यांनी टोचलेल्या, गांधीलमाशीने कुरतडलेल्या किंवा अवकाळी पावसाने तडकलेल्या मण्यातला रस ती चोखते आणि आधीच झालेल्या नुकसानीचा आळ तिच्यावर येतो. मात्र काढणीच्या मजुरांना वाटणारी डंखाची भीती खरी आहे, म्हणून काढणीपुरत्या पेट्या दूर न्याव्यात. शे-दोनशे मीटर हलवल्यास कामकरी माश्या जुन्याच जागी परततात आणि तेथे घोंगावत राहतात; त्यामुळे अनुभवी मधपाळाला विचारून, रात्री आणि पाच-सहा किलोमीटरपलीकडेच न्या.

मला खरी चिंता आहे ती फवारणीची. माश्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत चरायला जातात, आणि बागेतल्या फुललेल्या तणावर सकाळी कीटकनाशक पडले तर दोन दिवसांत पेटीतल्या कामकरी माश्या संपू शकतात. द्राक्षाचे परागीभवन बहुतांशी आपोआप होते, त्यामुळे त्या बागायतदाराला ही हानी जाणवत नाही. जाणवते ती कांदा बीजोत्पादनाच्या आणि डाळिंबाच्या शेतकऱ्याला. शेजाऱ्याला इतकेच विनवा, की तण फुलण्याआधी कापावे, फवारणी सूर्यास्तानंतर करावी आणि आदल्या दिवशी निरोप द्यावा. ‘हे औषध माश्यांना चालते’ या दुकानदाराच्या शब्दावर दोघांनीही विसंबू नये. डब्यावरची सूचना वाचावी आणि कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. हे बोलणे फुलोऱ्याआधी व्हावे. माश्या मेल्यावर केलेल्या तक्रारीने वसाहत परत येत नाही.

माश्या शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जमतात.

पेटीजवळ उथळ भांड्यात खडे घालून रोज पाणी ठेवा आणि शेजाऱ्यांना टाकी झाकायला सांगा. एकदा लागलेली सवय सहज सुटत नाही, म्हणून ही सोय पहिल्या दिवसापासून हवी.

डंख झाल्यावर शेजारच्या आजींच्या हाताला सूज आली. चुना लावू का?

नको. नांगी नखाने तत्काळ खरवडून काढा, थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा.

इमारतीच्या सज्जाला आग्या मोहोळ लागले आहे आणि दोष माझ्या सातेरी जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या पेटीला दिला जातो.

आग्या माशी पेटीत पाळता येत नाही. ती उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि तिचा तुमच्या पेटीशी संबंध नाही. कीटकनाशक मारून ‘हमखास’ मोहोळ हटवणाऱ्यांना बोलावू नका, कारण त्याने चवताळलेल्या माश्या वाटसरूंवरही तुटून पडतात. प्रशिक्षित मधपाळाला किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारा आणि तोवर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा.