कॅलिग्युला आणि ‘द रोब’

प्रश्न : १९५३ सालच्या ‘द रोब’ या चित्रपटात ख्रिस्ती झालेल्या मार्सेलस या रोमन अधिकाऱ्याला सम्राट कॅलिग्युला मृत्युदंड देतो. हे इतिहासाला धरून आहे का?

उत्तर : नाही. मार्सेलस काल्पनिक आहे. सैनिकांनी येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, हा योहानाच्या शुभवर्तमानातील उल्लेख एवढाच कथेचा आधार. कॅलिग्युलाने इ.स. ३७ ते ४१ राज्य केले, परंतु त्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केल्याचा पुरावा नाही. रोममधील पहिला ज्ञात छळ इ.स. ६४च्या आगीनंतर नीरोने केला, असे रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखनावरून दिसते. तरीही सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्रात प्रदर्शित झालेला हा पहिला चित्रपट अवश्य पाहावा, आणि तोही मूळ रुंद चौकटीतच, कारण दूरचित्रवाणीवर बराच काळ त्याची वेगळी चित्रित केलेली अरुंद आवृत्ती दाखवली जात असे.