कापता येतं, आता फायली सांभाळू द्या

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, मोबाइलवर व्हिडिओ छान जोडते आणि तिला चित्रपट-संकलक व्हायचंय. तुमचे प्रश्न दोन: हे पुरुषांचं क्षेत्र आहे का, आणि महागडा कॉम्प्युटर आत्ताच घ्यावा का?

पहिल्याचा इतिहास उलटाच आहे. मूकपटांच्या काळात फिल्म कापून चिकटवणं हे शिवणकामासारखं समजलं जाई, म्हणून हॉलिवूडच्या स्टुडिओंत ते सर्रास मुलींकडे दिलं जाई. पैसे कमी, नाव तर नाहीच. पुढे ॲन बॉशन्स १९४० च्या चित्रपटासाठी संकलनाचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. थेल्मा स्कूनमेकर यांच्याकडे अशी तीन आहेत.

मात्र सुरुवात कापण्यापासून होत नाही. सहायक संकलकाला आधी फायली सांभाळाव्या लागतात, आणि हौशी मुलं नेमकी तिथेच अडखळतात. कॅमेऱ्यातलं कार्ड आलं की त्याच्या तीन प्रती करायच्या, त्यातली एक दुसऱ्या जागी ठेवायची. कॉपी करताना चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवायचा. नुसतं ओढून टाकलं तर एखादी फाइल अर्धवट उतरते, आणि ते कळेपर्यंत कार्ड फॉरमॅट झालेलं असतं.

मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राशी जुळवायचा, म्हणजे सिंक करायचं: क्लॅपच्या पट्टीचा आवाज आणि ती मिटल्याची फ्रेम एकत्र आणायची. इथे सेकंदाला २४ आणि २३.९७६ फ्रेममधला फरक क्षुल्लक वाटतो, पण या घोळात तासाभराच्या सलग चित्रणात आवाज ओठांपासून ३.६ सेकंद सरकतो. तुमच्या मुलीला हा त्रास कदाचित आधीच झाला असेल: मोबाइलच्या चित्रणात फ्रेमचा वेग बरेचदा मध्येच बदलतो. असं चित्रण आधी एकसमान वेगात बदलून घ्यावं, मगच टाइमलाइनवर टाकावं.

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचे कट पक्के झाल्यावर, ध्वनी विभागाला एएएफ (कापलेल्या आवाजाची मांडणी नेणारी फाइल) आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ, उमटवलेला व्हिडिओ जातो. चित्र सुरू होण्याच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमपुरता ‘टिक्’ आवाज ठेवतात, त्यावरून दोन्हीकडची जुळणी तपासतात. लॉकनंतर कुणी गुपचूप ४ फ्रेम काढल्या, तर त्यापुढचा सगळा आवाज सरकतो आणि बोलणी सहायकाला बसतात.

पुढच्या सुट्टीत तिला दहा मिनिटांचा लघुपट मैत्रिणींसोबत करू द्या, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेऊन. वरची सगळी साखळी तिनेच पार पाडावी. त्यातला एक प्रसंग दोनदा कापावा: एकदा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, एकदा ऐकणाऱ्याच्या. काम मागायला जाताना हे दोन कट झगमगीत शोरीलपेक्षा (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओपेक्षा) जास्त बोलतात, असं माझं मत.

पहिलं काम मिळेल तेव्हा चार गोष्टी लेखी घ्याव्यात: श्रेयनामावलीत कोणत्या पदाने नाव येणार, दिवसाचे तास किती, पैसे कोणत्या टप्प्याला मिळणार, आणि रात्री उशीर झाला तर घरी सोडण्याची सोय कोण करणार. शेवटचा मुद्दा मागायला मुली संकोचतात. संकोचू नये; मुदत जवळ आली की एडिट रूममध्ये रात्री होतातच.

कॉम्प्युटरची घाई नको. १६ जीबी रॅमचा, बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला लॅपटॉप आणि डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकायला पुरते. मूळ फायली जड असतील तर त्यांच्या हलक्या प्रती (प्रॉक्सी) करून कापावं. वाचलेल्या पैशांतून आधी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या.