तीन मतं, एकच दुखणं

तुझ्या गाण्यावर तिघांनी तीन मतं दिली: गायकाचा आवाज दबलाय, गिटार वाढव, ड्रम लांबून येतायत. तू तिन्ही गोष्टी केल्यास आणि मिक्स, म्हणजे सगळ्या ट्रॅकचं एकत्र मिश्रण, आणखी बिघडला. बिघडणारच. सगळंच वाढवलं की काहीच वाढत नाही, फक्त मास्टरवरचा (शेवटच्या एकत्र आवाजावरचा) लिमिटर, म्हणजे मर्यादेबाहेरचा आवाज दाबणारा प्लगइन, जास्त दाबायला लागतो.

ऐकणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण त्याने सुचवलेला उपाय क्वचितच बरोबर असतो. तुझं गाणं मी हेडफोनवर आणि गाडीत, दोन्हीकडे ऐकलं. माझ्या मते तिघांचं बोट एकाच जागी आहे. साधारण 200 ते 400 हर्ट्झच्या, म्हणजे जरा खालच्या सुरांच्या पट्ट्यात गिटारींनी नुसता चिखल केलाय. गायकाच्या आवाजाचा भरीवपणा तिथेच असतो, स्नेअरचं (ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचं) अंगही तिथेच. म्हणून ते दोघं दबतात. आणि चिखलामुळे गिटारही बोथट वाटते, म्हणून कुणीतरी म्हणतो, वाढव!

तेव्हा फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावू नकोस. गिटारींना 100 हर्ट्झच्या आसपास लो कट दे (त्याखालचे सूर काढून टाक), 300 च्या जवळ दोन-तीन डीबी (डेसिबल) कमी कर आणि मग ऐक. शिवाय डावी-उजवी गिटार हा एकच टेक (एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग) कॉपी केलेला वाटतोय. तसं असेल तर तो डावीकडे-उजवीकडे कितीही लांब पॅन कर (सरकव), मधोमधच ऐकू येणार. तोच भाग खरोखर दोनदा वाजवून घ्या, आणि डिस्टॉर्शन आत्ता आहे त्यापेक्षा बरंच कमी ठेवून. दोन टेक एकत्र आले की जाडी आपोआप येते.

ड्रमचं म्हणशील तर ओव्हरहेड (ड्रमसेटच्या वर लावलेला) माइक स्नेअरपासून मीटरभर लांब असला, तर त्यात आवाज जवळपास 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मग दोन्ही ट्रॅक एकत्र आले की एकमेकांना खाऊ शकतात. गिटारचं निस्तरलं की स्नेअरच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघ. उलटी की सुलटी, जी जास्त भरीव वाटेल ती ठेव. फुकटचा उपाय आहे.

बेसबद्दलची मतं मात्र जपून घे. आधी विचार, कशावर ऐकलंस? फोनच्या स्पीकरवर 60 हर्ट्झ जवळजवळ नसतोच. आणि तुझी दहा बाय दहाची खोलीही खोटं बोलते. तीन मीटर अंतराच्या समोरासमोरच्या भिंतींत 57 हर्ट्झच्या आसपास घुमारा येतो. भिंतीजवळ बसलास तर बेस धो धो, मधोमध बसलास तर गायब.

पुढच्या वेळी "कसं वाटलं?" असं विचारू नकोस, त्याला "भारी" याशिवाय उत्तर येत नाही. "कोरसमध्ये (धृपदात) शब्द कळतात का?" असं विचार. जुना आणि नवा मिक्स सारख्याच पातळीवर आणून दे आणि नवा कोणता ते सांगू नकोस. मोठा वाजणारा मिक्स सगळ्यांना चांगला वाटतो. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. तुलनेला घेतलेलं तयार गाणंही असंच खाली आण. ते मास्टर केलेलं (मिक्सनंतर शेवटचा हात फिरवून मोठं केलेलं) असतं, तुझ्या मिक्सपेक्षा कितीतरी मोठं. आणि बँडमधल्यांची मतं शेवटी घे. तिथे प्रत्येकाला स्वतःचंच वाद्य कमी ऐकू येतं.

आता थोडं तुझ्याबद्दल. दुसऱ्या एकाच्या गाण्यावर तू "प्रो वाटत नाही" एवढंच लिहिलंस. त्याने त्याचं करायचं काय? "1:12 ला कोरस सुरू होतो तिथे आवाज मागे जातो" असं लिही. प्लगइनचं नाव सांगू नकोस, काय खटकलं ते सांग. ड्रमरची लय सुटत असेल तर ती मिक्सची चूक नाही, तेही स्पष्ट सांग. पण ते लोक पुन्हा रेकॉर्ड करू शकतात का, हे आधी विचारून घे.

गिटार नव्याने वाजवून झाली की लिमिटर काढून, सर्वात मोठ्या जागीही पाच-सहा डीबी मोकळे राहतील असा बाउन्स (मिक्सची एकत्र फाइल) पाठव. ड्रम आणि गायक तोवर आहेत तसेच राहू देत, म्हणजे फरक गिटारमुळे पडला की नाही ते कळेल.